किल्ल्यातली खोली ते शहरातलं चर्च: बॉम्बे कॅसल वाचायचं कसं?

बोरीवली स्टेशनवर तुम्ही रोज इंडिकेटरवर 'चर्चगेट' वाचता. या नावात दोन गोष्टी आहेत, एक चर्च आणि एक गेट. गेट म्हणजे मुंबईच्या कोटाचा दरवाजा. तो आज नाही. तो जिथे होता तिथे १८६४ पासून फ्लोरा फाउंटन उभं आहे. चर्च मात्र आहे. वीर नरिमन रोडवर, हॉर्निमन सर्कलला लागून असलेलं सेंट थॉमस कॅथेड्रल. म्हणजे आपल्या रेल्वे लाईनच्या शेवटच्या स्टेशनाचं नाव एका प्रॉटेस्टंट चर्चवरून आलेलं आहे, आणि त्या चर्चची गोष्ट सुरू होते ती एका किल्ल्यातल्या खोलीपासून.

आजच्या लेखात ही गोष्ट सांगायची आहे, पण निव्वळ गोष्ट म्हणून नाही. तुमच्यापैकी बरेच जण पीईटीची तयारी करताय, काहींचा सिनॉप्सिस अडकलाय. "वास्तूवर काम करायचंय, पण प्रश्नच सापडत नाही" अशी तक्रार वारंवार ऐकू येते. म्हणून एक वास्तू घेऊ आणि तिच्यातून संशोधनाचा प्रश्न कसा तयार होतो ते पायरीपायरीने बघू.

आधी शब्द साफ करून घेऊ

'फोर्ट' आणि 'कॅसल' हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. मुंबईच्या बाबतीत असं केलंत तर पहिल्याच प्रकरणात घोळ होईल.

कॅसल म्हणजे छोटा, बुरुजांचा चौकोनी किल्ला. एशियाटिक सोसायटीचा टाऊन हॉल आहे ना, त्याच्या मागे, गोदीच्या बाजूला. आत गव्हर्नरचा वाडा, दारूगोळा, कोठारं, सैनिक. फोर्ट म्हणजे त्या कॅसलच्या भोवती वाढलेलं अख्खं शहर आणि त्याला घातलेली मोठी तटबंदी. तिला तीन मुख्य दरवाजे होते: अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट. जुने मराठी मुंबईकर या भागाला 'कोट' म्हणत. गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्ये आलं, आणि त्याच सुमाराला तट पाडायचं काम सुरू झालं. कोट जाता जाता लिहिलं गेलेलं मराठी पुस्तक म्हणून ते आपल्यासाठी फार मोलाचं आहे.

तर कॅसल आधी, फोर्ट नंतर. हा क्रम डोक्यात पक्का ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

कॅसल: एका वैद्याच्या घरापासून

कॅसलच्या पोटात एक पोर्तुगीज घर आहे. परंपरेने ते गार्सिया द ऑर्टा याचं मानलं जातं. सोळाव्या शतकाच्या मध्यात मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं. हा पेशाने वैद्य. औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. तो मूळच्या ज्यू घराण्यातला होता, आणि मृत्यूनंतर १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. ज्या जागेवर पुढे इंग्रजांची प्रार्थना सुरू झाली, तिचा आधीचा धनी हा असा माणूस होता. वास्तूला धर्म चिकटवताना सावध राहायचं ते यासाठीच.

१६६१ च्या विवाह करारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला दिली. प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये मिळाला. १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. मग घराभोवती तट आणि बुरुज उभे राहिले आणि घराचं कॅसल झालं. पोर्तुगीज काळाच्या खुणा असलेला दरवाजा आणि एक जुनी सूर्यघडी आजही आत आहे.

आता महत्त्वाची गोष्ट. कंपनीच्या लोकांना प्रार्थनेसाठी चर्च नव्हतं. रविवारची प्रार्थना कॅसलमधल्या खोलीत व्हायची. १६७० च्या दशकात मुंबईत आलेला डॉक्टर जॉन फ्रायर नोंदवतो, की इंग्रजांकडे अजून फक्त दफनभूमी आहे, मेंढम्स पॉइंट नावाची. मेलेल्यांसाठी जागा होती, जिवंत लोकांच्या प्रार्थनेसाठी वेगळी इमारत नव्हती. आणि हे एक-दोन वर्षं नाही, तब्बल ५० वर्षं चाललं. चर्च उघडलं १७१८ च्या नाताळला.

आपला प्रश्न इथे जन्माला येतो. पन्नास वर्षं खोलीवर का भागलं? आणि मग अचानक चर्च का लागलं?

बघा, हा प्रश्न 'मुंबईतील चर्च स्थापत्याचा अभ्यास' या शीर्षकापेक्षा किती वेगळा आहे. पहिल्यात विषय आहे. दुसऱ्यात विषय आहे आणि कोडंही आहे. गाईडला कोडं लागतं.

पहिलं उत्तर: प्रार्थनेच्या पद्धतीत

कॅथलिक चर्च कसं असतं ते बघायला लांब जायला नको. बोरीवली पश्चिमेला मंडपेश्वरला जा. शैव लेणं, आणि त्याच्या डोक्यावर फ्रान्सिस्कन पंथाच्या पोर्तुगीज मठाचे पडके अवशेष. नंतर विरार लोकल पकडून वसई रोडला उतरा आणि वसईचा किल्ला बघा. तिथे तटाच्या आत एक नाही, अनेक चर्च आहेत: जेझुइटांचं, फ्रान्सिस्कनांचं, डोमिनिकनांचं, शिवाय सेंट जोसेफचं मुख्य चर्च. लांबच लांब दालन, त्याच्या टोकाला वेदीची वेगळी जागा, बाजूला छोटी प्रार्थनास्थळं, आणि फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरांच्या थडग्यांच्या शिळा. नजर आपोआप टोकाच्या वेदीकडे जाते. तिथे मिस्सा होते, तिथे पवित्र घडतं, आणि ती जागा इतर जागांपेक्षा वेगळी ठेवलेली असते.

प्रॉटेस्टंट परंपरेत जोर ऐकण्यावर आला. प्रार्थना लोकांच्या भाषेत, बायबलचं वाचन, प्रवचन. मग इमारतीचा प्रश्न बदलतो. 'वेदी कुठे?' यापेक्षा 'आवाज सगळ्यांपर्यंत कसा पोचेल?' हे मोठं होतं.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण जर्मनीत तोर्गाऊला आहे, हार्टेनफेल्स किल्ल्यात. तिथलं किल्ल्यातलं चॅपेल स्वतः मार्टिन लूथरने ५ ऑक्टोबर १५४४ रोजी खुलं केलं. मुद्दाम प्रॉटेस्टंट उपासनेसाठी बांधलेल्या पहिल्या इमारतींत त्याची गणना होते. रचना बघा: साधं आयताकृती दालन, भोवती मजल्यांचे सज्जे, वेदीसाठी वेगळं दालन नाही, वेदी म्हणजे दगडी टेबल, आणि प्रवचनाचं व्यासपीठ लांब भिंतीच्या मधोमध. बाहेरून दरवाज्यावरचं कोरीवकाम सोडलं तर ते किल्ल्याच्याच एका बाजूचा भाग वाटतं. राजाचा दरबार जिथे, तिथेच प्रार्थना.

तोर्गाऊ ल्युथरन, मुंबई अँग्लिकन. दोन्हींत फरक पुष्कळ आहेत. अँग्लिकन चर्चने वेदीची पूर्व बाजू, ठरलेली प्रार्थना, बिशप असं बरंच जुनं सांभाळलं. म्हणून "तोर्गाऊवरून मुंबईने घेतलं" असं लिहू नका, त्याला कुठलाही आधार नाही. तुलना वेगळी आणि प्रभाव वेगळा. तुलनेचा उपयोग एवढाच: ऐकण्याला महत्त्व देणाऱ्या उपासनेला एक बऱ्यापैकी खोली पुरते, हे तिथून कळतं. कॅसलमधल्या खोलीवर का भागू शकलं याचं हे एक कारण.

पण सावधान. 'भागू शकलं' म्हणजे 'म्हणून बांधलं नाही' असं होत नाही. शक्यता दाखवणं आणि कारण दाखवणं यात फरक आहे. व्हायव्हात परीक्षक नेमकं इथेच पकडतात.

दुसरं उत्तर: पैशात

कारण बांधायची इच्छा होती! गव्हर्नर जेरल्ड ऑन्जिए याने १६७० च्या दशकातच चर्चचं काम सुरू केलं होतं. वर्गणी जमली, भिंती उठल्या. १६७७ मध्ये तो सुरतेला वारला आणि काम थांबलं. अर्धवट भिंती पुढे जवळपास चाळीस वर्षं तशाच उभ्या होत्या.

पैसा गेला कुठे? अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या जहाजी व्यापाऱ्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहिलंय, की चर्चसाठी जमलेले सुमारे ५,००० पौंड सर जॉन चाईल्डच्या कारकिर्दीत त्यानेच गिळले. हे वाक्य तुम्हाला मुंबईवरच्या अनेक पुस्तकांत सापडेल, कधी हॅमिल्टनचं नाव देऊन, कधी न देता.

आता संशोधक म्हणून विचारा: हॅमिल्टन कोण? खाजगी व्यापारी. कंपनीची मक्तेदारी त्याच्यासारख्यांच्या धंद्याच्या आड येत होती. चाईल्ड कोण? कंपनीचा पश्चिम किनाऱ्यावरचा सर्वेसर्वा, ज्याच्यामुळे मुघलांशी युद्ध ओढवलं. १६८९ मध्ये सिद्दी याकूतखान मुंबईत उतरला आणि इंग्रज कॅसलमध्ये कोंडले गेले. १६९० मध्ये चाईल्ड वारला तेव्हा त्याच्याबद्दल चांगलं बोलणारे फार नव्हते. म्हणजे आरोप करणाऱ्याला राग धरायला कारण आहे, आणि ज्याच्यावर आरोप आहे तो सगळ्यांना सोयीचा खलनायक आहे. आरोप खोटा आहे असं यातून सिद्ध होत नाही. पण प्रबंधात "चाईल्डने पैसे खाल्ले" असं न लिहिता "हॅमिल्टनने असा आरोप केला" असं लिहायचं. एका क्रियापदाचा फरक आहे, पण संशोधन आणि ऐकीव माहिती यांच्यामधली रेघ तिथेच असते.

शिवाय सिद्दीच्या वेढ्याकडे वास्तूच्या अंगानेही बघा. तो वेढा पडला तेव्हा शहराला पूर्ण तट नव्हता. सुरक्षित होतं फक्त कॅसल. बाहेर उघड्यावर चर्चच्या अर्धवट भिंती. अशा जागी पैसा ओतायला कोण धजेल?

तिसरं उत्तर: तटबंदीत

१७१४ मध्ये रिचर्ड कॉब नावाचा पाद्री मुंबईत आला. १७१५ मध्ये त्याने चर्चसाठी प्रवचन दिलं, वर्गणी पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस चार्ल्स बून गव्हर्नर झाला. आणि त्याच सुमाराला शहराभोवतीच्या तटाचं काम जोरात आलं.

हे दोन्ही एकत्र ठेवून बघा. जोवर तट फक्त कॅसलला होता, तोवर प्रार्थनाही कॅसलमध्ये होती. तट शहराला मिळाला आणि प्रार्थनाही शहरात आली. ती मोकळ्या मैदानाच्या कडेला, बाजार आणि वखारींच्या शेजारी आली, आणि तिच्या समोरच्या दरवाज्याला तिचंच नाव पडलं. कॅसलपासून चर्च चालत पाच-सात मिनिटांवर. पण खोलीतली प्रार्थना फक्त किल्ल्यातल्या लोकांना दिसायची, ही अख्ख्या शहराला दिसायला लागली.

हे माझं अनुमान आहे, कुठल्या कागदावरचं वाक्य नाही. म्हणून ते तपासायला हवं. तपासायचं कसं? दुसरं उदाहरण घेऊन. मद्रासला फोर्ट सेंट जॉर्जमध्ये सेंट मेरी चर्च १६८० मध्येच झालं, मुंबईच्या ३८ वर्षं आधी. ते किल्ल्याच्या तटाच्या आत आहे आणि त्याचं छप्पर जाड कमानदार बांधणीचं, तोफगोळ्यांना टिकेल असं. म्हणजे तिथे तट आधीच वस्तीभोवती होता, आणि चर्च लवकर झालं. अनुमानाला पुष्टी मिळते. पण मद्रासला स्ट्रेनशॅम मास्टरसारखा काम तडीस नेणारा गव्हर्नर होता, आणि मुंबईला ऑन्जिए अर्ध्यावर गेला. मग कारण तट, की माणूस? दोनच उदाहरणांवरून ठरत नाही. तिसरं, चौथं लागेल. तुमच्यापैकी कोणाला हवं असेल तर हा विषय मोकळा आहे.

दारात उभे असलेले लोक

१७१८ च्या उद्घाटनाचा वृत्तांत कॉबने स्वतः लिहिला, तो १७६६ मध्ये छापला गेला. म्हणजे प्रसंग आणि छपाई यांत ४८ वर्षांचं अंतर. त्यात एक तपशील येतो: रामाजी नावाचा हिंदू गृहस्थ आपल्या जातभाईंसह चर्चच्या दारात उभा राहून पूर्ण प्रार्थना बघत होता, आणि त्यांना ती पद्धत आवडली, असं कॉब म्हणतो.

हा रामाजी म्हणजे रामा कामाठी असावा असं मुंबईच्या इतिहासकारांनी मानलंय. वाळकेश्वरच्या मंदिराचा १७१५ मधला जीर्णोद्धार त्याच्या नावावर आहे. म्हणजे एकाच शहरात, त्याच तीन वर्षांत, मंदिरही उभं राहतंय आणि चर्चही. पुढे १७२० मध्ये त्याच रामा कामाठीवर कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा खटला चालला. त्याची मालमत्ता जप्त झाली, तो कैदेत गेला. ज्या पत्रांवर खटला उभा होता ती बनावट होती, असं नंतरच्या अभ्यासकांचं मत झालं. त्याच १७२० मध्ये बूनने पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांना मुंबईबाहेर काढून कार्मेलाइट पाद्र्यांना आणलं. कोण आपलं आणि कोण शत्रूचं, याची भीती त्या वर्षांत किती दाटली होती ते यावरून कळेल. तट, चर्च, खटला, हकालपट्टी, सगळं पाच-सहा वर्षांत. वास्तूचा अभ्यास फक्त कमानी मोजून का होत नाही, त्याचं हे उत्तर.

आणि 'त्यांना आवडलं' हे कोणी सांगितलं? कॉबने. रामाजीने स्वतः काही लिहिलेलं आपल्या हातात नाही. दारात उभा राहिलेला माणूस कौतुकाने उभा होता, व्यवहार म्हणून, की गव्हर्नरची मर्जी राखायला? स्रोतात उत्तर नाही, तर आपणही देऊ नये.

आत जाता येत नसेल तर?

आता व्यवहाराचं बोलू. कॅसल आज नौदलाच्या ताब्यात आहे. तळाचं नाव आय.एन.एस. आंग्रे. ज्या कान्होजींशी पत्रव्यवहार केल्याच्या आरोपावरून इंग्रजांनी माणूस तुरुंगात टाकला, त्यांचंच नाव आज त्या कॅसलला आहे. तिथे कॅमेरा आणि मोजपट्टी घेऊन सहज शिरता येत नाही, आणि ते बरोबरच आहे.

म्हणून विषय सोडायचा का? नाही. असं करा.

पहिलं, जे उघडं आहे ते नीट वाचा. सेंट थॉमस सगळ्यांना खुलं आहे. पण आत उभं राहून "हे १७१८ चं चर्च" असं समजू नका. १८३७ मध्ये त्याला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला, त्यानंतर पश्चिमेचा मनोरा आला, १८६० च्या दशकात पूर्वेचा वेदीकडचा भाग नव्याने झाला. गंमत बघा: ऐकण्यासाठी पुरेशी असलेली खोली आधी दालन झाली, आणि मग हळूहळू पुन्हा वेदीकडे खोल होत गेली. एकोणिसाव्या शतकात अँग्लिकन चर्चचा कल बदलला, तो इथे दगडात दिसतो.

दुसरं, भिंतींवरचे स्मृतिलेख उतरवून घ्या. गव्हर्नर जोनाथन डंकन १८११ मध्ये वारला, त्याच्या स्मारकावर बालहत्या बंद केल्याचा उल्लेख कोरलाय. कोणाचं स्मारक आहे, कोणाचं नाही, मृत्यूचं कारण काय, वय किती, याचा साधा तक्ता केलात तरी एक सेमिनार पेपर होतो.

तिसरं, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आणि एशियाटिकचं ग्रंथालय. परवानगीचं पत्र विभागप्रमुखांच्या सहीने आधीच तयार ठेवा. ऐनवेळी सहीसाठी धावाधाव करण्यात आठवडा जातो.

चौथं, तारखांची यादी करताना 'बांधलं' हे क्रियापद वापरूच नका. पायाभरणी, काम थांबणं, काम पुन्हा सुरू होणं, उद्घाटन, कॅथेड्रल, विस्तार असे वेगळे रकाने करा. एका पुस्तकात चर्चचं वर्ष १६७० च्या दशकातलं आणि दुसऱ्यात १७१८ दिसलं की कोण चुकलं म्हणून डोकं धरू नका. बहुतेक वेळा दोघं वेगवेगळ्या रकान्याबद्दल बोलत असतात.

या आठवड्याचा सराव

मंडपेश्वर किंवा वसई, यातलं एक निवडा. सेंट थॉमसही बघा. दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न घेऊन जा: आत आल्यावर शरीर कुठे वळतं आणि नजर कुठे थांबते? कागदावर हाताने ढोबळ आराखडा काढा, फोटो नंतर. मग तीन वाक्यं लिहा. पहिलं, जे दिसलं ते. दुसरं, त्यावरून काय वाटतं ते. तिसरं, ते खोटं ठरायचं असेल तर काय सापडावं लागेल ते.

तिसरं वाक्य लिहिता आलं नाही, तर तुमच्याकडे अजून मत आहे, प्रश्न नाही. पुन्हा जाऊन बघा. वसईचा किल्ला आणि कॅथेड्रल, दोन्ही कुठे जात नाहीत.

पुढच्या लेखात जुने नकाशे घेऊ: कोटाचा तट आजच्या रस्त्यांवर कसा बसवायचा, आणि नकाशा काढणारा काय मुद्दाम गाळतो ते.